मे महिन्यातली शेकोटी

“भास्कर, तुझी ही पोकळ भिंत मे महिन्यात थंड राह्यली ना, तं मी भर दुपारी याच चौकात स्वेटर घालून शेकोटी शेकत बसतो!”

असं म्हणताना मी हात असा काही फिरवला, की कपातला अर्धा चहा नथ्थू मिस्त्रीच्या पायावर गेला. टपरीवर सात-आठ जण होते. नथ्थू सोडून सगळे हसले.

“नुसता स्वेटर?” भास्करनं विचारलं.

“कानटोपी पन.”

“मफलर?”

“मफलर, हातमोजे, पायमोजे. वरून तुझ्या काकीची शाल. अन् बोंबलतो बी, थंडी वाजून राह्यली हो, थंडी!”

“अन् मी हरलो तं?”

“तं तू बस. माझा स्वेटर तुले बरोब्बर होते.”

“लागली!” भास्करनं हात पुढे केला. मी टाळी दिली. टपरीवर शिट्ट्या वाजल्या. याला आता बारा वर्षं होऊन गेली, पण आमच्या वस्तीत, शिवधन लेआऊटमध्ये, अजून कोणाला शिंक आली की लोक म्हणतात, “पुंडलिकभाऊचा स्वेटर आणा.”

पुंडलिकभाऊ म्हणजे मी. चंद्रपुरात माझं कूलरचं दुकान आहे. चंद्रपूरचा उन्हाळा सांगून समजत नाही, सोसावा लागतो. दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. टाकीतलं पाणी अंगावर घेतलं की माणूस नाचतो. खणात ठेवलेली मेणबत्ती संध्याकाळपर्यंत कमरेतून वाकते. असल्या गावात कूलरवाल्याला काय मान असतो म्हणता! चार महिने लोक माझ्या पाया पडायचे, आणि उरलेले आठ महिने मी त्यांची मजा घ्यायचो.

भास्कर हा आमच्या लहानुजी कुंभाराचा मुलगा. चाकावर बसला नाही. कर्नाटकात एका कारखान्यात सहा वर्षं काढून आला, आणि येताना ट्रकभर ठोकळे घेऊन आला. ठोकळे मातीचेच, भट्टीत भाजलेले, विटेसारखे लाल. पण एकेक सव्वा फूट लांब, आणि आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी वरपासून खालपर्यंत भोकं. त्याचं घर तो याचंच बांधत होता. वजन सगळं सिमेंटच्या कॉलमवर आणि मधल्या भिंती या ठोकळ्यांच्या. छतावर बापानं केलेली मडकी उपडी पसरून वर चुना.

“काकाजी, भोकाभोकांत हवा कोंडली रायते,” तो मला समजावायचा. “बाहेरचं ऊन आत याले रस्ताच सापडत नाही. कूलर लागत नाही, लाईट जळत नाही.”

“म्हनजे तू हवेचं घर बांधून राह्यला. फुंकर मारली तं उडन.”

माझा धंदा कूलरचा आणि हा माझ्यासमोर कूलर नको म्हणतो! पैज लागणारच होती.

आता थंड की गरम, हे ठरवायचं कशानं? थर्मामीटर माझ्या दुकानात होता, पण माझ्या दुकानातल्या वस्तूवर भरवसा ठेवणारा माणूस लेआऊटमध्ये नव्हता. शेवटी नथ्थू मिस्त्री पाय पुसत म्हणाला, “मेनबत्ती ठेवून पाहा ना भाऊ.” तेच ठरलं. पंधरा मे, दुपारी बारा ते चार. भास्करच्या मागच्या खोलीत फळीच्या काठावर एक मेणबत्ती आडवी, अर्धी बाहेर. तिची जुळी बहीण माझ्या घरात, नऊ इंची पक्क्या विटांच्या भिंतीआड. पंखे, कूलर सगळं बंद. भास्करची मेणबत्ती वाकली की भास्कर हरला.

पंधरा मे ही तारीख भास्करनंच सांगितली. त्या दिवशी नाशिकहून त्याची बहीण इंदू येणार होती, बापाला न्यायला.

त्याचं असं होतं. आदल्या मे महिन्यात लहानुजी टिनाच्या खोलीत चाकापाशीच पडला. ऊन लागलं. चार दिवस सलाईनवर होता. मी माझ्या दुकानातला सगळ्यात मोठा कूलर त्याच्या खोलीला लावला, तर त्या ओल्या हवेनं त्याचा दमा उठला आणि दुसऱ्याच दिवशी मला तो कूलर परत आणावा लागला. तेव्हाच इंदूनं भावाला सांगितलं होतं, “पुढचा उन्हाळा बाबा त्या टिनात काढणार नाही. थंड जागा झाली तर ठीक, नाहीतर मी घेऊन चालली.”

आणि लहानुजी? त्याला ऐकायला जवळजवळ येत नसे. म्हणून तो बोलायचा इतक्या मोठ्यानं, की त्याला गुपित सांगणं म्हणजे चौकात भोंगा लावणं. एका सकाळी माझ्या दुकानासमोर उभा राहून ओरडला, “पुंडलिका! नाशिकले तिचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर हाय! मी तिथं माती कुठून आनू? गॅलरीतून खाली थुकाले बी मनाई हाय म्हनते!”

“मग नको जाऊ!” मी त्याच्या कानात ओरडलो.

“कोन ऊ?”

“नको जाऊ!”

“हो ना! भास्करच्या भिंतीवर हाय आता सगळं!”

पूर्ण लेआऊटला कळलं, काय कशावर आहे ते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी भास्करच्या घराकडे चक्कर टाकली. भास्कर कामावर गेला होता. भिंती उभ्या झाल्या होत्या, आतून प्लास्टर झालं होतं. मी आपला उगाच समोरच्या भिंतीवर बोटाचं पेर वाजवलं. लहानुजीकडून वीस वर्षं मडकी घेतली, वाजवल्याशिवाय मडकं घ्यायचं नाही ही सवय त्यानंच लावली. भिंत टण्ण बोलली. बाजूची वाजवली. टण्ण. मागच्या खोलीत गेलो, पश्चिमेच्या भिंतीवर वाजवलं.

ठप्प.

पुन्हा वाजवलं. वर, खाली, कोपऱ्यात. ठप्प, ठप्प, ठप्प. पोत्यावर मारल्यासारखं.

बाहेर नथ्थू मिस्त्री पाट्यावर बसून तंबाखू मळत होता. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

“नथ्थू, ती मागची भिंत काय जेवून बसली हाय?”

त्याचा हात थांबला. “कोनती?”

“जिचं पोट भरलं हाय ती.”

नथ्थूनं इकडे-तिकडे बघितलं. मग माझा गुडघा धरला. “भाऊ, सांगू नका. तुमच्या पाया पडतो.”

“काय केलं तू?”

“तीस वर्षं झाली भिंती बांधून राह्यलो. भोकाची वीट हाती आली तं मी फेकून देतो, लावत नाही. अन् हा पोरगा म्हनते, सगळ्याच भोकाच्या लाव. लावल्या. पन ही भिंत पश्चिमेची. वादळ येते तं इकडूनच येते. अन् लहानुजीची खाट याच भिंतीले लागनार हाय. रात्री बुढ्याच्या अंगावर पडली तं? मले झोप नाही ये, भाऊ. भास्कर कामावर गेला की मी एकेक थर भरला. रेती, रोडे, उरलेला माल. सळईनं दाबून दाबून भरला.” इथं त्याचा चेहरा जरा खुलला. “आता हत्तीनं धक्का देल्ला तरी हालनार नाही.”

“अरे पन हवा रे! त्यातली हवाच तं पाह्यजे होती!”

“हवेवर कोनाची भिंत उभी राह्यते काय?” नथ्थूनं मलाच विचारलं. “तुम्हीच तं म्हनत होते, फुंकर मारली तं उडन.”

आता याला काय सांगणार? मी उठलो. नथ्थूनं मागून हात जोडले, “माझं नाव घेऊ नका भाऊ. मले हाकलून देईन.”

घरी येऊन मी शिट्टी वाजवत हातपाय धुतले. पश्चिमेची भिंत, दुपारनंतरचं सगळं ऊन तिच्यावर, आणि आत ठासून रेती. मेणबत्ती दोन वाजताच लोटांगण घालणार. पैज जिंकल्यातच जमा होती. कुंदा, म्हणजे माझी बायको, पोळ्या करत होती.

“काय झालं? कोनाची टोपी उडवली आज?” तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. ती हसली नाही. तवा उतरवला आणि म्हणाली, “मग आता जिंकले तुम्ही.”

“जिंकलोच.”

“मग तोंड काहून असं?”

“कसं?”

“कूलरच्या टाकीत बेडूक निघाल्यावर होते तसं.”

मी पाटावर बसलो. “असं जिंकून काय मजा? लबाडी करायची तं मी करीन ना! ही तं नथ्थूची लबाडी. अन् त्याले तं माहीतच नाही का लबाडी केली म्हनून.”

“म्हनजे दुसऱ्यानं बाजी मारली, याचं पोटात दुखून राह्यलं.”

“अन् पोकळ असती तरी मीच जिंकलो असतो!”

“जेवा,” कुंदा म्हणाली.

संध्याकाळी मी भास्करला गाठलं. आयुष्यात पहिल्यांदा, खरं सांगतो, कोणतीही भानगड मनात न ठेवता सरळ जाऊन उभा राहिलो.

“भास्कर, तुझी मागची भिंत पोकळ नाही. भरली हाय. उघडून पाहा.”

भास्करला असं हसू फुटलं की हातातली सायकल पडली.

“वनिता! ए वनिता, बाहेर ये! काकाजी म्हनते भिंत फोड!”

त्याची बायको पदराला हात पुसत बाहेर आली. “काहून?”

“हरून राह्यले ना! म्हनून आता माझ्याच हातानं माझी भिंत फोडाले लावते.”

“भास्कर, पोरा, शप्पथ,” मी म्हणालो. “बोट वाजवून पाहा. ठप्प बोलते.”

“प्लास्टर ओलं हाय तिचं. ठप्पच बोलन.”

“मी खरं सांगून राह्यलो.”

“काकाजी, मागच्या साली टँकरवाला पांढरी टोपी घातल्याशिवाय पानी देत नाही, असं कोनी सांगितलं होतं?”

“मी.”

“किती लोकं टोप्या घालून रांगेत उभे होते?”

“एकोनीस.” मग खरंच बोलायचं ठरवलं होतं म्हणून पुढेही बोललो. “तुझा बाप धरून.”

“बाबा अजून घालते ती टोपी,” वनिता म्हणाली. “काढतच नाही.”

“अन् तेव्हा बी तुम्ही शप्पथच घेतली होती,” भास्कर म्हणाला आणि सायकल उचलून आत गेला.

आता सांगा, काय करायचं? नथ्थूचं नाव घ्यायचं नाही असं मनात ठरलेलं. लहानुजीच्या कानात सांगावं तर ते बसस्टँडपर्यंत ऐकू जाणार, आणि मग नथ्थूची अब्रू गेली. खरं बोलून तर काहीच झालं नाही. मग मी माझ्या नेहमीच्या कामाला लागलो.

कूलरवाल्याला दर साली मार्चमध्ये बंद कूलर उघडावे लागतात. आत काय काय निघतं! चिमण्यांची घरटी, पाली, एकदा तर कोणाचा दातांचा सेट. त्या साली एका जुन्या कूलरमध्ये, वाळ्याच्या ताटीमागे, मला सापाची कात सापडली होती. चांगली साडेतीन हातांची, फण्याच्या खुणेसकट, कुठे फाटलेली नाही. लोकांना घाबरवायला कामी येईल म्हणून मी ती वाळ्यातच गुंडाळून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला, लेआऊटमध्ये सगळी दारं बंद असताना, डोक्यावर ओला टॉवेल टाकून मी भास्करच्या घरामागे गेलो. नथ्थू पुढच्या सावलीत घोरत होता. मागच्या भिंतीत परांचीच्या बांबूसाठी ठेवलेलं एक भोक अजून बुजवायचं होतं. कातीचा शेपटाकडचा भाग मी त्यात खुपसला आणि बाकीची बाहेर लोंबकळती ठेवली. जरा लांबून बघितलं. इतकी झकास दिसत होती की मीच दोन पावलं मागे सरलो. मग घरी जाऊन झोपलो.

चार वाजता वनिताची किंकाळी आली. मी मुद्दाम सगळ्यात शेवटी गेलो, डोळे चोळत. तोवर अर्धा लेआऊट भिंतीसमोर गोळा झाला होता.

“काय झालं? कोनी पडलं काय?”

“नाग!” वनिता भिंतीकडे बोट दाखवत होती. “भिंतीत नाग गेला काकाजी! कात टाकून आत शिरला!”

भास्कर नेमका त्याच वेळी कामावरून आला होता. त्याचा चेहरा उतरला. पण खरी मजा पुढे होती. नथ्थू मिस्त्री गर्दी सारून पुढे आला आणि ठामपणे म्हणाला, “भिंतीत साप जाऊच शकत नाही.”

“काहून नाही जाऊ शकत?” भास्कर म्हणाला. “पोकळ हाय ना भिंत.”

नथ्थूनं खिशातून तंबाखू काढली. मग परत ठेवली.

“सांग ना मिस्त्री, काहून नाही जाऊ शकत?”

“तसं… म्हनजे… जागाच नाही ना त्याले.”

“एवढी भोकं हायेत, तं जागा कशी नाही?”

नथ्थूनं माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. एक घार फिरत होती.

“मी सांगून राह्यलो, साप नाही ये म्हनून!” नथ्थू जवळजवळ रडकुंडीला आला. “माझ्या बोलन्यावर भरवसा ठेवा!”

“बाबाची खाट लागनार हाय इथं,” वनिता म्हणाली. “ही भिंत आत्ताच्या आत्ता फोडा. नाही तं मी या घरात पाय ठेवत नाही.”

भास्करनं घण उचलला. नथ्थू भिंतीला पाठ लावून उभा राहिला, हात पसरून. चौघांनी त्याला उचलून बाजूला ठेवलं. सगळे मागे सरकले, दोघांनी काठ्या सरसावल्या. भास्करनं घण घातला. पहिला ठोकळा फुटला.

आतून भसाभस रेती आली.

भास्करनं दुसरा ठोकळा फोडला. रेती, रोडे, सिमेंटचा गठ्ठा. तिसरा. तेच. मग तो वळला आणि माझ्याकडे बघितलं. “काकाजी, तुम्ही तं काल सांगत होते…”

“मी?” मी म्हणालो. “मी तं मजाक करून राह्यलो होतो.”

नथ्थू खाली बसला आणि स्वतःच सगळं बोलून टाकलं, वादळ, पश्चिम, बुढ्याची खाट, सळईनं दाबून भरलेला एकेक थर. भास्करचा हात उगारलेला होता, तो हळूहळू खाली आला. वनितानंच मिस्त्रीला पाणी दिलं.

कोणीतरी लहानुजीच्या कानात ओरडून त्याला सगळं समजावलं. म्हाताऱ्यानं फुटक्या भिंतीवर तळहात ठेवला, मग खाली पडलेली कात उचलली. उलटसुलट करून बघितली. नाकाशी नेली. आणि कोणाला काही न बोलता तिची घडी घालून ती आपल्या पांढऱ्या टोपीत ठेवली.

“पन नाग कुठं हाय?” एकानं विचारलं.

“गेला,” वनिता म्हणाली. तिनं भिंतीला हात जोडले. “भिंत भरली हाय हे दाखवाले आला होता. काम झालं, गेला.”

यावर सगळ्यांचं एकमत झालं. दर सोमवारी त्या जागेवर हळदकुंकू आणि दुधाची वाटी सुरू झाली. दूध आमची मांजर प्यायची.

नथ्थूनं आठ दिवसांत ती भिंत पुन्हा बांधली. प्रत्येक ठोकळा लावण्याआधी डोळ्याला लावायचा, भोकातून भास्करकडे बघायचा आणि ओरडायचा, “पाहून घ्या! खाली हाय!” शेवटी भास्करच कंटाळला.

पंधरा मे उजाडला. पारा सेहेचाळीसवर. इंदू सकाळच्या गाडीनं आली, एक रिकामी बॅग घेऊन. ती बॅग तिनं बापाच्या कपड्यांसाठी आणली होती आणि आल्या आल्या दारातच उघडून ठेवली. बारा वाजता दोन्हीकडे मेणबत्त्या फळीवर आडव्या ठेवल्या. त्याआधी चौघांनी माझे खिसे तपासले, चपला काढून पाहिल्या, एकानं बनियनमध्येसुद्धा हात घातला.

खरं सांगतो, मी बिनघोर होतो. नऊ इंची वीट! मातीच्या पोळ्याला ती हरेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

दोनला कुंदा आली. “आपली वाकली.”

“किती?”

“नमस्कार करते तितकी.”

अडीचला ती पुन्हा आली. “आता साष्टांग.”

भास्करच्या मागच्या खोलीत आम्ही दहा जण दाटीवाटीनं बसलो होतो. दहा माणसांची ऊब धरूनसुद्धा मेणबत्ती जागची हलली नव्हती, काठीसारखी सरळ. भिंतीला मी हळूच हात लावला. कोमट. माझ्या घरच्या भिंतीला त्या वेळेला हात लावला असता तर फोड आला असता.

लहानुजी खाटेवर बसला होता. मेणबत्तीकडे बघत नव्हता, मुलीकडे बघत होता. इंदू प्रवासानं दमली होती. तीनच्या सुमारास ती भिंतीला टेकली, साडेतीनला तिचा डोळा लागला, आणि चारला, सगळे शिट्ट्या मारत उठले तेव्हासुद्धा ती जागी झाली नाही. म्हातारा ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प करू लागला, आणि स्वतः ओरडला, “ओरडू नका! पोरगी झोपली!”

ती दचकून उठली. मेणबत्तीकडे बघितलं, बापाकडे बघितलं. मग उठून दारातली बॅग बंद केली.

“दिवाळीला तुम्हीच या मग,” ती म्हणाली. “चार दिवस. थुकायचं नाही.”

रविवारी दुपारी बारा वाजता मी चौकात हजर झालो. लग्नाला जमत नाही इतकी गर्दी, प्रत्येक झाडाखाली, प्रत्येक छत्रीखाली. कुंदानं स्वतःच्या हातानं मला सजवलं होतं. लोकरीचा स्वेटर, मफलर, कानटोपी, हातमोजे, वरून शाल. शेकोटीला कूलरच्या ताट्यांमधलं जुनं गवत आणलं होतं. माझ्याच दुकानातलं. त्याचा गठ्ठा जळून संपेपर्यंत बसायचं, असं टपरीवरच्या मंडळींनी ठरवलं.

नथ्थू मिस्त्रीनं काडी लावली. माझ्या पायावर चहा सांडण्याची त्याची फार इच्छा होती, म्हणून ती पण पूर्ण करून घेतली.

“थंडी वाजून राह्यली हो!” मी बोंबललो. “लाकडं आना कोनी! हाडं गोठून राह्यली!”

लोक लोळून लोळून हसत होते. घाम कानटोपीतून डोळ्यांत, डोळ्यांतून मिशीत. मला काय, गर्दी जमली की माझं मन भरतं. मी दात वाजवले, हात चोळले, भास्करला म्हणालो, “बाबू, जरा खिडकी लाव, गार वारं येऊन राह्यलं.” माझ्यासारखा हरणारा लेआऊटनं पाहिला नव्हता.

तेवढ्यात गर्दीतून लहानुजी आला, पांढरी टोपी घालून, हळूहळू. माझ्या शेजारी मांडी घालून बसला आणि शेकोटीवर हात धरले.

“काय म्हाताऱ्या, तुले बी थंडी?” मी ओरडलो.

“पुंडलिका!” तो म्हणाला. त्याला वाटलं हळू बोलतोय. चौकापलीकडच्या छतावरच्या बाया वाकून बघू लागल्या. “साप भरल्या भिंतीत कसा घुसन रे?”

मी हातमोज्यानं त्याचं तोंड दाबायला गेलो. त्यानं हात बाजूला केला.

“भिंत तं नथ्थूनं ठासून भरली होती! मग कात आत कशी गेली? मी त्याच दिवशी म्हनलं, ही कोनी तरी खुपसली!” त्यानं टोपी काढली, आतून ती कातीची घडी काढली आणि सगळ्यांसमोर उलगडली. “अन् हिले वास कशाचा येते, माहीत हाय? वाळ्याचा! कूलरच्या वाळ्याचा! कोनता नाग वाळ्यात रायते रे पुंडलिका?”

हसणं थांबलं. एकेक डोकं माझ्याकडे वळलं. मी कानटोपी खाली ओढून घेतली, पण ती नाकापर्यंतच आली.

“काकाजी,” भास्कर पुढे आला. “तुम्ही खरं सांगत होते? भिंत फोड म्हनून? पैज जिंकत असताना?”

“थंडी वाजून राह्यली हो!” मी ओरडलो.

“ऐकून घ्या ना!”

“हाडं गोठून राह्यली!”

नथ्थू मिस्त्रीनं माझ्या पायावरचा चहा खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसायला सुरुवात केली. मी पाय ओढला, त्यानं सोडला नाही. वीस वर्षं कमावलेलं नाव माझ्या डोळ्यांदेखत बुडत होतं आणि गठ्ठा अजून अर्धा जळायचा होता.

आणि मग वनिता आली. हातात ताट. ताटात हळदकुंकू आणि ती सोमवारची वाटी.

“वनिता, नाही. पोरी, नाही,” मी म्हणालो.

“नागोबा सापडला,” ती म्हणाली. तिनं माझी कानटोपी मागे सारली, घामानं चिंब कपाळावर हळद लावली, वर कुंकू लावलं. ते लगेच ओघळून मिशीत गेलं. पूर्ण चौक टाळ्या वाजवू लागला. कुंदा तर सगळ्यात पुढे.

“प्या,” वनितानं वाटी पुढे केली.

मी आत बघितलं. दुधातून वाफ येत होती.

“अगं, हे तं उकळतं हाय.”

“तुम्हाले थंडी वाजून राह्यली ना काकाजी?”

गठ्ठा संपायला अजून वेळ होता. मी दोन्ही हातमोज्यांनी वाटी धरली आणि एका घोटात पिऊन टाकली.